किल्लेदाराचा पिवळा चेहरा

मोरजाईगडाच्या पूर्वेला तांबडे फुटत होते. खालच्या खोऱ्यात दिलावरबेगाच्या राहुट्या धुक्यात बुडाल्या होत्या आणि तटावर उपासमारीने खंगलेले शिपाई भाल्यांवर रेलून तिकडे टक लावून होते. नेमक्या त्याच वेळी बालेकिल्ल्यातल्या वाड्यात किल्लेदार सिदोजीरावांनी अखेरचा श्वास घेतला.

पायांशी त्यांचा धाकटा भाऊ रवळोजी बसला होता. त्याला त्या चेहऱ्याकडे पाहवेना. गेल्या पावसाळ्यात सिदोजीरावांच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला. मग तोच रंग गालांवर, कपाळावर चढला आणि थंडी सरेपर्यंत त्याला न घासलेल्या पितळेसारखी हिरवट-काळी कळा आली. गाल बसले, कानशिलांत खळगे पडले, कपाळ पुढे आल्यासारखे दिसू लागले. पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळे चट्टे उठले. खाजेने मान आणि हात ओरबाडून रक्ताळलेले असत. त्र्यंबकशास्त्री वैद्यांनी काही लपवले नव्हते. "ही साधी कावीळ नव्हे," ते म्हणाले होते. "यकृतातून पित्त उतरण्याची वाटच बंद झाली आहे. जायला जागा नाही, म्हणून ते रक्तात मिसळून अंगभर फिरते आहे. माझ्या औषधाने खाज शमेल. वाट उघडणार नाही."

तरीही सिदोजीराव रोज सदरेवर येऊन बसत. शिबंदीतले लोक आधी बिचकले, पण पुढे तोच चेहरा त्यांचा आधार झाला. तो दिसला की थकलेले हात पुन्हा तोफांना लागत.

रवळोजीला मात्र त्या चेहऱ्यात फक्त मरण दिसले होते, आणि त्या मरणाचा त्याने सौदा केला होता. सरपणाच्या निमित्ताने ओढ्यावर उतरला असता बेगाचा माणूस त्याला भेटला. भावाचे डोळे मिटताच पश्चिमेची चोरदिंडी उघडीन, असा शब्द त्याने दिला. मोबदल्यात खोऱ्याची देशमुखी ठरली. गडावरची माणसे तरी वाचतील, असे त्याने स्वतःला समजावले होते. पण देशमुखीचे नाव निघताच आपले मन कसे हरखले होते, ते काही केल्या विसरता येत नव्हते.

आणि आता जाता जाता सिदोजीराव त्याचा हात धरून म्हणाले होते, "रवळ्या, चोरदिंडीवर तू आहेस, म्हणून मी निर्धास्त आहे रे."

अंबिकाबाईंनी पतीच्या अंगावर शेला ओढला. त्यांचे डोळे कोरडे होते.

"भावोजी, रडायला सवड नाही. दुपारी बेगाचा वकील मिर्झा कासम येतो आहे. बोलणे तहाचे असले तरी त्याला पाहायचे आहे ते एकच, किल्लेदार हयात आहेत की नाहीत. आतली खबर कोणीतरी बाहेर देते आहे."

रवळोजी भावाच्या पायांवरचा शेला सारखा करू लागला.

"ते हयात आहेत असे दिसले तर बेग थांबेल. मागच्या हल्ल्यात त्याने काय सोसले, ते तो विसरलेला नाही. पण ते गेले हे कळले तर आजच सुलतानढवा करील. दारू संपत आली आहे. कुमकेची फौज घाट चढते आहे, उद्या सकाळी पोचेल. एक रात्र काढायची आहे." त्यांनी रवळोजीकडे निरखून पाहिले. "तुमची चेहरेपट्टी त्यांचीच आहे. उपासाने तुमचेही गाल बसले आहेत. आज सदरेवर तुम्ही बसा. किल्लेदार होऊन."

वैद्यांनी हळद, तेल आणि काजळी खलून लेप केला. मृताच्या शेजारी बसवून, त्याच्या तोंडाकडे पाहत पाहत, ते रवळोजीचे तोंड रंगवू लागले. कानशिलांवर काजळी अंमळ जास्त लागली. पापण्यांच्या कोपऱ्यांवर पिवळे मेण बसले. बोटांचा प्रत्येक स्पर्श रवळोजीला चटक्यासारखा लागत होता. भावाचे दुखणे त्याने आजवर लांबून पाहिले होते; आज ते त्याच्या तोंडावर चढत होते.

काम संपले तेव्हा वैद्य हताश होऊन मागे सरले. "कातडी रंगवता आली, पण डोळे कसे रंगवू? ते पांढरेशुभ्र आहेत. ज्याने किल्लेदारांच्या पिवळ्या डोळ्यांविषयी ऐकले असेल, तो एका नजरेत ओळखील."

पिवळ्या डोळ्यांविषयी मिर्झाने ऐकले होते. ओढ्यावर बेगाच्या माणसाला ते रवळोजीनेच सांगितले होते.

आता काहीच करायला नको होते. सदरेवर नुसती नजर वर केली की गड पडणार होता आणि देशमुखी पायाशी चालून येणार होती. रवळोजी उठला, वाड्यामागच्या शेराच्या कुंपणापाशी गेला आणि त्याने एक हिरवी कांडी मोडली. पांढरा चीक टपकू लागला.

"रवळोजी!" वैद्य ओरडत धावले. "डोळे जातील!"

त्याने मान वर केली आणि दोन्ही डोळ्यांत तो चीक पिळला.

दुपारी मिर्झा कासम सदरेवर आला, तेव्हा लोडाला टेकून बसलेल्या किल्लेदाराचे डोळे सुजून लालभडक झाले होते. फटीतून पाणी वाहत होते. त्यांचा मूळ रंग कोणता, हे कोणालाच सांगता आले नसते.

"किल्लेदारसाहेब, हे काय झाले?"

"खाज, मिर्झासाहेब. आता डोळ्यांतही शिरली. चोळून चोळून ही दशा करून घेतली." आगीच्या सळया डोळ्यांत फिरत होत्या, तरी आवाज हलला नाही.

मिर्झाने त्या चेहऱ्यावरून सावकाश नजर फिरवली. मग सहज विचारावे तसे त्याने विचारले, "आणि आपले धाकटे बंधू? रवळोजी कुठे दिसत नाहीत?"

चिकाने धुरकटलेल्या नजरेला मिर्झाची नुसती फिकट आकृती दिसत होती; किल्लेदार म्हणून बसलेला हा रवळोजीच तर नव्हे, हे तो चाचपतो आहे, ते रवळोजीला उमगले.

"रवळोजी हरामखोर निघाला," तो म्हणाला. "ओढ्यावर तुमच्या माणसाला त्याने जबान दिली होती. मी मेलो की चोरदिंडी उघडायची आणि खोऱ्याची देशमुखी घ्यायची. त्याने माझ्या तोंडावर कबूल केले. आज सकाळी त्याचा कडेलोट करविला. बेगसाहेबांना सांगा, चोरदिंडीवर आता तोफ चढवली आहे."

सदरेच्या पडद्यामागे अंबिकाबाईंच्या हातातले विड्यांचे तबक खणकन खाली पडले.

रवळोजीखेरीज ओढ्यावरचा करार बेगाला, मिर्झाला आणि त्या एका मध्यस्थालाच ठाऊक होता; आणि रवळोजी स्वतःच्या तोंडाने तो उघडा करील, हे मिर्झाच्या कल्पनेतही नव्हते. मिर्झा उठला तेव्हा त्याच्या मुजऱ्यात घाई होती. सिदोजीराव जिवंत आहेत, याविषयी त्याच्या मनात शंका उरली नव्हती.

त्या रात्री हल्ला झाला नाही. सकाळी कुमकेची निशाणे घाटमाथ्यावर दिसली आणि बेगाने वेढा उठवला.

मग गडाला सारे कळले. सिदोजीराव आदल्या पहाटेच गेले होते. सदरेवर त्यांचा भाऊ बसला होता. लोक थक्क झाले. गडासाठी या माणसाने डोळे दिले आणि स्वतःच्या नावाला काळिमा लावणारे केवढे खोटे बेधडक बोलला, असे म्हणत ते त्याच्या पायांवर डोके ठेवू लागले.

चितेपाशी अंबिकाबाई त्याच्याजवळ आल्या. "मिर्झाला ती ओढ्यावरची गोष्ट पटली कशी, भावोजी?"

"खरी होती म्हणून, वहिनीसाहेब."

अंबिकाबाईंनी चितेवरच्या पतीकडे पाहिले.

"त्यांना ठाऊक होते?"

"नाही."

"बरे झाले."

"मला शिक्षा द्या. मी लोकांना सांगतो."

"सांगू नका. आपल्यातलाच कोणी फितूर होता, हे कळले तर ही माणसे उद्या एकमेकांच्या पाठीकडे बघत पहारा देतील. तुम्हाला हलके वाटावे म्हणून मी गड पोखरू देणार नाही. तुमचे तुम्ही वाहा. आणि आजच्यानंतर माझ्याशी बोलू नका."

त्यांनी पलिता त्याच्या हातात दिला, मनगट धरून तो चितेपर्यंत नेला आणि लाकडांनी पेट घेताच हात सोडून दिला.

रवळोजीची दृष्टी परतली नाही. चोरदिंडीजवळच्या देवडीत तो पुढे पुष्कळ वर्षे जगला. नवा शिपाई गडावर भरती झाला की जुने लोक त्याला आवर्जून तिथे आणत. कोणी पायांना हात लावला की रवळोजी पाय झटकन आखडून घेई. लोकांना तो त्याचा विनय वाटे.