पाणी धावतं, पेज चालते

ठसका लागला की पाणी द्यायचं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून वासंतीआत्याला ठसका लागताच दहा वर्षांच्या मिहिकाने पेला तिच्या ओठांना लावला आणि टाळूवर थापही मारली. एकाच घोटात आत्या लालबुंद झाली.

“पाणी नको! खोकू दे त्यांना,” म्हणत घोटू हा यंत्रमानव पुढे सरसावला.

साल २०५८, रत्नागिरीचं रुग्णालय. आत्याच्या थायरॉईडचा (गळ्यातल्या ग्रंथीचा) कर्करोग बराच पसरला होता. शस्त्रक्रियेने तो निघाला, पण दीड महिना अन्न नाकातल्या नळीतूनच जात होतं. आज परीक्षा होती. पेजेचे तीन चमचे नीट गिळले, तरच नळी निघणार. आणि मिहिकाने आधीच घोळ घातला होता. तिला रडूच कोसळलं.

“सकाळी एक चमचा पेज गेली की! मग साधं पाणी का नाही?”

घोटूने आत्याच्या गळ्यावर पट्टी धरली. ध्वनिलहरींनी टिपलेलं आतलं चित्र भिंतीवर उमटलं.

“पुढे श्वासनलिका (हवेची वाट), मागे अन्ननलिका. आपण गिळतो तेव्हा हवेच्या वाटेचं दार मिटतं. गाठ डाव्या मज्जातंतूला (स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या धाग्याला) चिकटली होती, म्हणून तोही काढावा लागला. आता डावी बाजू नीट मिटत नाही. पाणी धावत येऊन आत घुसतं. पेज सावकाश येते, दाराला वेळ मिळतो.”

मिहिका चित्राकडे बघत राहिली. “मग आत्याने डावीकडे मान वळवली तर? ती बाजू दबेल, पेज उजवीकडून जाईल!”

“बरोब्बर! हीच युक्ती वापरायची. पण त्या दमल्यात. परीक्षा उद्या घेऊ?”

“आजच,” आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली.

तिने मान वळवली. पहिला चमचा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला ती थबकली, डोळे मिटून दोनदा गिळलं. खोकला आला नाही. मिहिकाला आत्याचा विलक्षण अभिमान वाटला.

“एका घोटाला स्नायूंच्या तीसेक जोड्या लागतात,” घोटू म्हणाला. “मला हे अजून जमत नाही. आत्या, तुम्ही जिंकलात. डॉक्टरांना नळी काढायला बोलावतो. पाण्याचाही सराव हळूहळू करू.”

“ते होईल रे,” आत्या म्हणाली. “आधी पेजेत मीठ घाल. अगदीच अळणी झालीये!”