अकरावं काडतूस

दर तीन वर्षांनी जानेवारी उजाडला की मी कारखान्यातून तीन दिवस रजा काढायचो आणि बंदुकीचा परवाना नव्यानं करून घ्यायला उल्हासनगरच्या कचेरीत जायचो. तीन दिवस पुरायचे नाहीत हे आधीच माहीत असायचं. २००९ साली पहिला दिवस नुसत्या चलनात गेला. फी भरायची एकीकडे, चलन मिळायचं दुसरीकडे, आणि चलनाच्या खिडकीतला माणूस साडेअकराला बोलावून साडेअकराला चहाला जायचा.

खरवईच्या शिवारात आमचं अडीच एकर आहे. तीन बाजूंनी बिल्डिंगी आल्या. चौथ्या बाजूनं, डोंगराकडून, रानडुकरं येतात. म्हणून पीक संरक्षणाची एकनळी बारा बोअर. बंदूक मूळची माझ्या वडिलांची, बुधाजी भोपींची. त्यांना दिसेनासं झाल्यावर परवाना माझ्या नावावर आला. त्यासाठी मी किती खेटे घातले ते सांगत बसलो तर दुसरं काही सांगून होणार नाही.

मी आनंदनगर एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तर माल परत पाठवणारा माणूस मी. त्यामुळे कचेरीतला कारभार बघून माझं डोकं फिरायचं. पोलीस ठाण्याचा दाखला आणायचा, तो तीन महिनेच चालतो, आणि फाईल टेबलावरून टेबलावर जायला चार महिने लागतात. म्हणजे दाखला पोचेपर्यंत मेलेला. हे त्या लोकांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

त्या वर्षी आणखी एक फॅड निघालं होतं. बंदूक नीट चालवता येते असा नेमबाजीच्या रेंजचा दाखला आणा. रेंजवर गेलो तर तिथला ट्रॅकसूट घातलेला माणूस म्हणाला, "शेतीची बंदूक इथे अलाऊड नाही. छर्रे टार्गेट फाडतात. आणि तुम्ही मेंबर नाही." मेंबर व्हायला दोन मेंबरांच्या सह्या हव्यात, आणि फाटकाच्या आत गेल्याशिवाय मेंबर भेटणार कुठे? शेवटी फाटकावरच्या वॉचमनकडून 'येऊन गेले' एवढं लिहून घेतलं. कचेरीतल्या हिरामण भाऊसाहेबांनी तो कागद न वाचता फायलीला टाचला.

हे हिरामण म्हणजे परवान्याच्या टेबलावरचे कारकून. पान खाऊन खाऊन त्यांचे दात आणि रबरी शिक्का एकाच रंगाचे झाले होते. त्यांनी माझ्या पिशवीतली काडतुसं टेबलावर ओतली. नियम असा की जेवढी घेतली तेवढ्यांचा हिशेब द्यायचा. जिवंत दाखवायची, उडवलेल्यांची रिकामी नळकांडी दाखवायची. मी दहा घेतली होती. सहा उडवली, चार शिल्लक.

हिरामणनी मोजली. परत मोजली.

"भोपी, चार जिवंत आणि सात रिकामी. अकरा कशी?"

"दहाच आहेत. नीट मोजा."

"तुम्हीच मोजा ना."

मी मोजली. अकरा होती.

"बाहेरून काळ्या बाजारात घेता का?" हिरामण खुशीत आले. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाती पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं. "लेखी खुलासा द्या. सोमवारी परत तपासणी."

घरी येऊन मी सातही नळकांडी टेबललॅम्पखाली धरली. प्रत्येक बंदुकीची पिन काडतुसाच्या पितळी बुडावर आपला ठोका सोडते. आमच्या बंदुकीचा ठोका मधोमध पडत नाही, किंचित उजवीकडे खाली पडतो, आणि त्याच्या कडेला केसाएवढा ओरखडा असतो. सातही बुडांवर तोच ठोका, तोच ओरखडा. मायक्रोमीटर लावून पाहिलं. सातवं नळकांडं आमच्याच बंदुकीतून उडालं होतं. मी स्वतःशी म्हणालो, मोजण्यात चूक झाली असेल. असं म्हणायची मला सवय नव्हती.

काडतुसं मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका सिंधी काकांच्या दुकानातून घ्यायचो. त्यांच्या वहीत दहाच होती. "साईं, कमी असतं तर लफडा," ते म्हणाले. "जास्तीचं काय टेन्शन घेतो? वालधुनीत टाक आणि विसर." मी नदीच्या पुलावर स्कूटर थांबवली आणि एक नळकांडं खालच्या काळ्या पाण्यात टाकलं. सहा राहिली. पिशवीला गाठ मारली.

सोमवारी हिरामणनी माझ्यासमोर गाठ सोडली. सात निघाली.

मी खुलाशात लिहिलं की पूर्वीचं एक नळकांडं नजरचुकीनं राहिलं होतं. हिरामणनी तो कागदही न वाचता टाचला आणि फाईल कपाटात गेली.

मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. परवानाधारकांनी हत्यारं ठाण्यात जमा करावीत. दर निवडणुकीला हेच. ज्यांच्याकडे बेकायदा हत्यारं आहेत त्यांना कुणी नोटीस पाठवत नाही, कारण त्यांचे पत्ते सरकारकडे नाहीत. पत्ता माझा आहे, म्हणून धोका माझ्यापासून. मी बंदूक न्यायला काढली तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झालेले. नळीचा आवाज त्यांनी ओळखला.

"ठान्यात नेतोस?"

"हो. निवडणूक झाली की परत आणतो."

"नको आनू. ऱ्हाऊ दे तिथंच."

"डुकरं काय तुम्ही हाकलणार?" मी म्हणालो. त्यांच्याशी मी असाच बोलायचो. बंदूक घेतल्यावर थोड्याच वर्षांत, मी लहान असताना, त्यांनी ती खुंटीला लावली आणि पुन्हा कधी हातात धरली नाही. भित्रा माणूस, असं माझं मत होतं.

ठाण्यात हवालदारानं बंदुकीला गोणपाट गुंडाळलं, सुतळी बांधून लाखेचं सील केलं आणि पावती दिली. नळीचं तोंड बाहेरच राहिलं.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी दुपारी मी जेवून आडवा झालो होतो. माझी बायको स्वप्नाली आत आली.

"बार कुणी काढला?"

"कसला बार?"

"आपल्या शेतातून आला. भेंडीच्या बाजूनं. ऐकला नाहीस?"

मी ऐकला नव्हता. "बिल्डिंगवाले सुरुंग लावत असतील," म्हणालो. तरी चप्पल घातली.

भेंडीत बुजगावणं उभं होतं. त्याच्या अंगात कारखान्यातला माझा जुना राखाडी शर्ट होता. लांबून सगळं ठीक दिसलं. मागच्या बाजूला गेलो तेव्हा शर्टाच्या पाठीला वाटाण्याएवढी सात-आठ भोकं दिसली. आतलं गवत बाहेर आलं होतं. बांधावर एक लाल नळकांडं पडलं होतं. नाकाशी धरलं तर नुकत्याच जळलेल्या दारूचा वास आला.

बुडावर ठोका होता. उजवीकडे खाली. कडेला ओरखडा.

मला भीती वाटली नाही, संताप आला. ठाण्यातली माणसं माझी बंदूक काढून उनाडक्या करतायत, दुसरं काय असणार! मी तसाच स्कूटर काढून ठाण्यात गेलो आणि हवालदाराला म्हणालो, मला माझं हत्यार बघायचंय.

"असं बघता येत नाही. अर्ज करा."

"सील तुटलेलं निघालं तर अर्ज वर करीन."

त्यानं माझ्याकडे येडा आहे का अशा नजरेनं पाहिलं, पण कोठडी उघडली. गोणपाट भिंतीला टेकलेलं होतं. लाख अखंड. सुतळीवर धूळ बसलेली. मी वाकून नळीच्या तोंडाकडे पाहिलं.

कुंभारीण माशीनं तिथं मातीचं घर केलं होतं. नळीचं तोंड कडेपर्यंत लिंपून बंद झालेलं. माती वाळून भेगाळली होती. मी नखानं टोकरलं. घट्ट होती.

"समाधान झालं?" हवालदार म्हणाला.

मी हो म्हणालो. परत येताना स्कूटर दोनदा बंद पडली, म्हणजे मीच गिअर चुकत होतो.

घरी आल्यावर ते नळकांडं आणि आधीची सात शेजारी शेजारी ठेवून पुन्हा मापली. माप चुकत नव्हतं. ठाण्यात बंद असलेली, मातीनं लिंपलेली बंदूक आमच्या भेंडीत उडाली होती. माझ्या हातात याचा पुरावा होता, आणि तो कुणाला दाखवला असता तर आधी माझाच परवाना गेला असता आणि मग मी. स्वप्नालीला एवढंच म्हणालो की शेतात जाऊ नकोस.

"आणि तू?"

"मी बघतो कोण आहे ते."

पुढच्या रविवारी बारा वाजता मी शेतात गेलो. डोंगराकडच्या कोपऱ्यात एक आंबा आहे, त्याच्या सावलीत उभा राहिलो. तिथून चारही बांध दिसतात. हातात काठी होती. कुणी टवाळ पोरं असली तर झोडपायचं, एवढंच ठरवलं होतं.

ऊन असं की समोरच्या बिल्डिंगीच्या पत्र्यांकडे बघवत नव्हतं. विहिरीवरचा पंप बंद होता. लाइट गेली असावी. एक वाजला. बांधावर सरडासुद्धा नव्हता.

मग पक्षी थांबले. ते ओरडत होते हे थांबल्यावर कळलं.

मी पाठ आंब्याच्या खोडाला टेकवली. खोड रुंद आहे. मागून कुणी येऊ शकत नव्हतं.

बार माझ्या मागे झाला.

अगदी मागे. खोडाच्या आत झाल्यासारखा.

पाठीवर कुणीतरी पसरल्या पंजानं थाप मारली असं वाटलं. मी पडलो नाही. वरून आंब्याची पानं गळत होती.

मी वळलो. खोड कोरडं, साबूत. पलीकडे कुणी नव्हतं. शर्ट काढून पाहिला. एकही भोक नव्हतं.

नळकांडं माझ्या दोन पायांच्या मध्ये पडलं होतं. त्यातून धूर निघत होता.

मी चालत घरी आलो. पळालो नाही, एवढं मला आठवतं. बाबा ओट्यावर होते. माझ्या पावलांकडे कान लावून बसले होते.

"लागली का रं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

"मना पन तवा असाच वाटला," ते म्हणाले. "की नाय लागली."

"तेव्हा म्हणजे कधी? कुणाला?"

बाबा उठले, भिंत चाचपत आत गेले आणि खाटेवर तोंड फिरवून पडले. त्यानंतर त्यांनी या गोष्टीवर एक शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. आयुष्यभर ज्या माणसाला मी भित्रा म्हणत आलो, त्याला विचारायची मला भीती वाटत होती.

मेच्या शेवटी आचारसंहिता उठली आणि मी ठरवलं, बंदूक परत घ्यायचीच नाही. सरकारला देऊन टाकायची. हिरामणकडे गेलो.

"सरेंडर?" त्यांनी पान एका गालात सारलं. "सरेंडर करायलाही परवाना चालू लागतो. तुमचा संपलाय. आधी रिन्यू करा, मग सरेंडर."

"म्हणजे नको असलेल्या बंदुकीचा परवाना मी आधी मिळवायचा?"

"नियम आहे."

"हा नियम कुणी केला? त्याला तुमच्यासारखं डोकं होतं का?"

त्यांना राग आला नाही. अशा बोलण्याची त्यांना सवय होती. "मेडिकल फिटनेस लावा," ते म्हणाले. "नवीन आहे. छातीच्या फोटोसकट."

अंबरनाथला स्टेशनजवळ एक डॉक्टर असे दाखले द्यायचा. त्यानं माझ्या अंगाला हात लावला नाही. चिठ्ठी दिली, मी शेजारच्या गाळ्यातून फोटो काढून आणला, आणि त्यानं तो उजेडाच्या पेटीवर लावला. मग पेन खाली ठेवलं.

"ही गोळी कधी लागली?"

"कुठली गोळी?"

त्यानं पेनच्या टोकानं दाखवलं. फासळ्यांच्या मधून पांढरे गोल ठिपके होते. स्वच्छ, काठ धारदार असलेले. मी सात मोजले. डॉक्टरनं खाली आणखी एक दाखवला.

"जुने आहेत," तो म्हणाला. "भोवती मांस धरलंय. पाठीतून आत गेलेले दिसतात. पण हे दोन..." तो पेटीजवळ वाकला. "हे दोन हृदयात आहेत. इथे लागलं तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचत नाही."

"मला कधीच काही लागलेलं नाही."

डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं, मग रांगेतल्या पुढच्या माणसाकडे पाहिलं. "फोटोत काहीतरी दोष असेल," तो म्हणाला आणि दाखल्यावर 'फिट' असं लिहून शिक्का मारला. हिरामणनी तो दाखला नेहमीसारखाच टाचला. फोटोचं पाकीट त्यांनी उघडलंही नाही. परवाना झाला आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी बंदूक सरकारजमा झाली.

घरी मी स्वप्नालीला फोटोबद्दल सांगितलं. हसण्यावारी नेईल असं वाटलं होतं. ती भाजी निवडत होती, ती थांबली.

"म्हणजे ते छर्‍यांचे आहेत होय," ती म्हणाली. "मला वाटायचं देवीचे व्रण."

"काय?"

"पाठीवरचे खड्डे. लग्न झालं तेव्हापासून बघतेय. तुला कसंतरी वाटेल म्हणून कधी विचारलं नाही."

मी शर्ट काढला आणि तिच्याकडे पाठ करून बसलो. कुठे आहेत ते दाखव म्हणालो. ती एकेका जागी बोट ठेवून मोजू लागली, हा एक, हा दोन, हा इथला जरा खोल आहे.

मी वाट बघत होतो. तिचा आवाज ऐकू येत होता, बांगड्या वाजत होत्या. पाठीला तिचं बोट लागतच नव्हतं.