रेश्माच्या अर्जाची बजावणी

मी तालुक्याच्या कोर्टात बेलिफ आहे. नोटिसा ज्याच्या त्याच्या हातात पोचवायच्या, हे माझं काम. पूर्वी कागदावर शेरा मारून आणायचो, आता कोर्टाने मोबाइल दिलाय. दारात उभं राहून फोटो काढायचा, घेणाऱ्याची सही बोटाने स्क्रीनवर घ्यायची. जागा आणि वेळ मोबाइल आपोआप टिपतो. खोटेपणाला वाव नाही, म्हणून मला तो आवडतो.

मार्चमध्ये रेश्माचा अर्ज आला. नवरा सुनिल मारतो, त्याला घरापासून लांब ठेवा, एवढंच मागणं. अर्ज संगणकावर चढला, नंबर पडला, तिला तारखेचा मेसेज गेला. पण आदेशाआधी न्यायाधीश साहेबांना सुनिलचं म्हणणं ऐकायचं होतं, आणि सुनिल नोटीस घेईना.

त्याचा पाडा शहापूर-मुरबाड रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. दोनदा गेलो, दोन्ही वेळा दाराला कुलूप. शेजारची बाईजा अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती.

"हाय गावातच," ती म्हणाली. "तुमची गाडी दिसली का रानात जातो."

"घरात दुसरं कोणी?"

"म्हातारी होती, त्याची आई. धोंडीबाई. पौषात वारली."

रेश्मा आटगावला माहेरी राहत होती. तारखेला आली आणि व्हरांड्यात तिने मला मोबाइल दाखवला. 'बजावणी बाकी.'

"दादा, हे कधी बदलंल?"

ती दंडावरचा डाग पदराने झाकत म्हणाली, "तो मारायला लागला का सासूबाई गोंदलेला हात आडवा घालून मधी पडायच्या. त्यांनापण लागायचं. आता मधी पडायला कोण नाय."

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. पुन्हा कुलूप. बंद दाराचा फोटो काढला, 'घर बंद' असा शेरा भरला. पाड्यावर रेंज नव्हती, नोंद पुढे गेली ती डांबरी रस्त्याला लागल्यावर.

कोर्टात पोचलो तर क्लार्क नम्रता म्हणाली, "झाली एकदाची बजावणी."

मी मोबाइल उघडला. शेरा माझा नव्हता. 'स्वतः स्वीकारली.' खाली वाकडीतिकडी सही, सुनिलची. फोटोत तेच दार, सताड उघडं. उंबऱ्यात सुनिल, हातात कागद, मान खाली. त्याच्या खांद्यावर मागून आलेला एक म्हातारा हात, मनगटापर्यंत गोंदलेला.

वेळ बारा वाजून सहा मिनिटं. त्या वेळी त्या दारासमोर मी उभा होतो.

पिशवीत हात घातला. नोटीस नव्हती.

गप्प राहिलो असतो तर रेश्माचं काम झालं असतं. पण बावीस वर्षांत मी एकही खोटा शेरा दिलेला नाही. घडलं ते लिहून साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तारखेला बघू," म्हणाले. "तो आला तर नोटीस मिळाली."

सुनिल आला. कोर्ट उघडायच्या आधीच पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

साहेबांनी त्याला विचारलं, "नोटीस यांनी दिली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नाय. घरातच मिळाली."

"कोणी दिली?"

त्याने मान वळवून आपल्या खांद्यामागे पाहिलं. मग रेश्माच्या अर्जातलं सगळं त्याने कबूल केलं. मारत होतो, म्हणाला.

साहेबांनी आदेश सांगायला सुरुवात केली. सुनिलने घरापासून आणि रेश्मापासून दोनशे मीटर लांब राहायचं. नम्रता टाइप करत होती. रेश्मा मागच्या बाकावर एकटी बसून डोळे पुसत होती.

"काही म्हणायचंय?" साहेबांनी सुनिलला विचारलं.

"साहेब, त्यात आईचं पण टाकता येल?"

"कोणाच्या आईचं?"

"माझ्या. तिनं माझ्याजवळ यायचं नाय, असं."

नम्रताची बोटं थांबली.

मी रेश्माकडे पाहिलं. तिने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली, पदर सावरला आणि थोडी सरकून बाकावर जागा करून दिली.