खातं बंद करणारा माणूस

"तुमचं खातं बंद झालंय. तुम्हीच बंद केलंत."

बँकेच्या खिडकीमागच्या माणसाने हे इतक्या गोडीने सांगितलं की वहिनी आधी "थँक यू" म्हणाली आणि मग दचकली.

"मी? कधी?"

"ती माहिती फक्त ग्राहकांना देता येते."

"अहो, मी ग्राहकच आहे!"

"होतात. आता तुमचं खातं नाही."

वहिनीच्या शेजारी तिची नणंद उभी होती. जिथेतिथे नाक खुपसायची तिला लहानपणापासून खोड, म्हणून घरात सगळे तिला 'चौकशी' म्हणत. ती पुढे सरसावली.

"बरं, मग नवीन खातं उघडा."

"अवश्य. पत्त्याचा पुरावा?"

"कसला चालेल?"

"बँकेचं स्टेटमेंट. चालू खात्याचं."

चौकशीने कपाळावर हात मारला. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत! परक्या देशात येऊन तीन वर्षं झाली, पण या खिडक्यांशी डोकं फोडणं काही संपलं नव्हतं.

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये होती आणि गेल्याच महिन्यात तिला तिथली मुख्य केलं होतं. तिच्या कामाच्या परवान्याचं नूतनीकरण शुक्रवारी होतं. पगार जमा होणारं चालू खातं दाखवलं नाही, तर परवाना रद्द. म्हणजे चंबूगबाळं आवरून परत.

आज सोमवार होता.

"काहीच मार्ग नाही?" चौकशीने विचारलं.

"आहे ना. फोनवरून खातं बंद केलं की फोन करणाऱ्याला एक क्रमांक मिळतो. समक्ष येऊन तो क्रमांक सांगा, खातं पुन्हा चालू."

"क्रमांक कोणाकडे आहे?"

"ज्याने फोन केला त्याच्याकडे," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

खातं वहिनी आणि दादा दोघांच्या नावावर होतं. घरी आल्या आल्या चौकशीने भावाला धरलं.

"दादा, तू फोन केलास का?"

"मी? मला काय खूळ लागलंय? आपली कागदपत्रं कोणाच्या तरी हाती लागली असणार."

"कोणाच्या?"

"मला काय माहीत! आता होईल ते होईल. नशिबात असेल तर जाऊ परत."

तिकडे, मायदेशी, दादा शाळेत भूगोल शिकवायचा. तो वर्गात शिरला की चाळीस मुलं उभी राहायची. इथे तो गोदामात खोके रचायचा, आणि त्याच्यावर ओरडणारा मुकादम त्याच्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. पण त्याने कधी चकार शब्द काढला नव्हता. बायकोचं इथे चांगलं चाललंय, असंच सगळ्यांना सांगायचा.

त्या रात्री वहिनी कूस बदलत राहिली. चौकशी तीनदा उठून पाणी प्यायली. दादा मात्र ढाराढूर घोरत होता. एरवी गोळी घेतल्याशिवाय डोळा न लागणारा माणूस! चौकशीला त्याचा रागच आला.

सकाळी ती तडक खाली घरमालकाकडे गेली. तो आपल्याकडचाच. तिघांच्या कागदपत्रांच्या झेरॉक्स त्याच्या कपाटात होत्या, आणि वरची जागा त्याला भाच्यासाठी हवी होती, हे तो येता-जाता ऐकवायचा.

"काका, आमच्या बँकेत फोन तुम्ही केलात?"

"कसला फोन?"

"खातं बंद करायचा. आम्ही गेलो की जागा तुम्हाला मोकळी."

घरमालक आधी भडकला, मग खो खो हसला. "ताई, तुम्हाला घालवायचं असतं तर मी भाडं नसतं का वाढवलं? त्या बँकेच्या फोनवर, माणूस येईपर्यंत वाजणारी ती पिपाणी तासभर कोण ऐकत बसेल? मी माझं स्वतःचं खातं गेली दोन वर्षं बंद करू शकलेलो नाही!"

हे मात्र पटण्यासारखं होतं. मुद्दाम, जिवावर उदार होऊन केल्याशिवाय त्या बँकेत कुठलंच काम होत नव्हतं.

चौकशी ड्रायक्लीनरच्या काउंटरवर कामाला होती. बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिने बँकेला फोन लावला आणि 'आपल्या भाषेसाठी' असलेलं बटण दाबलं. तासभर पिपाणी ऐकल्यावर एक बाई फोनवर आल्या. चौकशीने खात्याचा नंबर सांगून ते कोणी बंद केलं, असं विचारलं.

"माहिती देता येणार नाही," बाई पाठ केल्यासारखं म्हणाल्या.

"नकाच देऊ. कोणीही सोम्यागोम्या फोन करतो आणि तुम्ही खातं बंद करता. माणूस पारखायची पद्धतच नाही तुमच्यात."

"सोम्यागोम्या?" बाई उसळल्या. "चांगले भारदस्त गृहस्थ होते! माझ्याच हातचं काम आहे ते. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं त्यांनी. अडखळले ते एकदाच."

"कुठे अडखळले?"

"कारण विचारलं तेव्हा. 'आपण आता कायमचे परत जातोय,' म्हणाले. मला हसूच आलं. म्हटलं, अहो, मला कुठे नेताय? तेव्हा ओशाळले बिचारे. 'म्हणजे, आम्ही,' म्हणाले."

"आणि पैसे?"

"खातेदारांच्याच तिकडच्या खात्यात गेले. एक पैसा इकडचा तिकडे नाही. आणि मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही हं!"

फोन ठेवला गेला. चौकशी कोटांच्या रांगेपुढे उभी राहिली. दोन दिवस तिला चोर कधी सापडतो असं झालं होतं. आता सापडला, तर ती टांगलेले कोट उगाचच सरळ करत राहिली.

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. चौकशीने ताट सरकवलं.

"दादा, क्रमांक दे."

"कसला?"

"फोन केलास तेव्हा मिळालेला."

वहिनीचा घास हातातच राहिला. "अगं, काहीतरीच काय!"

"वहिनी, ऐक. पैसे तुमच्याच तिकडच्या खात्यात गेलेत. चोराने ते तिकडे कशाला पाठवले असते? काकांचा मला संशय होता, पण त्यांना आपल्याला काढायचंच असतं तर दाराला कुलूप त्यांचंच आहे. ज्याने हे केलं त्याला आपण परत जायला हवं होतं, आणि दोष मात्र बँकेवर जायला हवा होता." ती वहिनीकडे वळली. "फोनवर तो म्हणाला, 'आपण परत जातोय.' परक्या बाईला कोणी 'आपण' म्हणतं का? 'आम्ही' म्हणतो. 'आपण' कोणाला म्हणतो माणूस? जिला बरोबर न्यायचंय तिला. ते वाक्य तुझ्यासाठी घोकलेलं होतं, वहिनी. तुला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून बँकेला सांगितलं. आणि सोमवारी तू तळमळत होतीस तेव्हा हा घोरत होता. गोळीशिवाय!"

दादाने मान वर केली नाही.

"खरंय," तो शेवटी म्हणाला. "दोन वर्षं ते वाक्य रोज म्हणून बघायचो. गोदामात, खोक्यांपुढे. घरी आलं की तू दिवसभराचं सांगायचीस, इतकी खुशीत असायचीस. मग माझ्या तोंडून निघायचंच नाही."

"एकदा तरी विचारायचंत!"

"तू काय म्हणाली असतीस?"

"नाही म्हणाले असते," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरून आले, पण आवाज खणखणीत होता. "तोंडावर नाही म्हणाले असते. आणि तेच चुकवायला तुम्ही माझ्या पोटावर पाय दिलात. शुक्रवारी मी परवान्याच्या कचेरीत रडत उभी राहिले असते, आणि तुम्ही माझे डोळे पुसत बँकेला शिव्या घातल्या असत्या. हो ना?"

"हो," दादा म्हणाला. "माझं चुकलं. पण मला इथे राहवत नाही गं. खरंच नाही राहवत."

वहिनी उठून खिडकीशी गेली. चौकशीला वाटलं, आपण ही भानगड उकरलीच नसती तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी दादा तीच खिडकी गाठून उभा राहिला. क्रमांक त्याला तोंडपाठ होता. चौकशी मागे बाकावर बसली होती. वहिनी लॅबमधून थेट आली, पांढऱ्या कोटावर प्लास्टरचे शिंतोडे तसेच.

"खातं बंद करायचं कारण चुकीचं होतं का?" खिडकीमागच्या माणसाने विचारलं.

"कारण खरं होतं," दादा म्हणाला. "पण फक्त माझ्यापुरतं. मी परत जातोय. ही इथेच राहणार आहे."

"अस्सं. मग खातं एकट्या मॅडमच्या नावावर करायचं, की दोघांच्या?"

दादाने बायकोकडे बघायचं टाळलं.

वहिनीने पुढे होऊन सहीचं पेन उचललं आणि ते नवऱ्याच्या हातात दिलं.

"दोघांच्या," ती म्हणाली. "आणि जरा लवकर करा. मी साच्यात प्लास्टर ओतून आलेय."