गार्सिताच्या तळाखाली

सान फेर्नांदोच्या कालव्याकाठच्या एका खोलीत बसून मी एकतीस वर्षं होड्यांचे आराखडे काढले. मोठी जहाजं नाहीत. किनारा धरून चालणाऱ्या, दोन माणसांना आठवडाभर झोपता-रांधता येईल अशा लहान शिडाच्या होड्या. आमची ला प्लाता नदी रुंदीने समुद्र आणि खोलीने डबकं, त्यामुळे इथली होडी उथळ बसणारी लागते. नव्वद सालानंतर कारखान्यातल्या साच्याच्या होड्या आल्या आणि माझ्याकडे येणारी माणसं कमी झाली. तेव्हा डॉक्टर अन्सेल्मो इरिबारेन आले. दातांचे डॉक्टर, निवृत्त, विधुर. त्यांच्यासाठी मी गार्सिता ही होडी काढली आणि रुफिनो काब्रोल या आमच्या सुताराने ती बांधली.

तिची मापं मला अजून पाठ आहेत. एकूण लांबी सात मीटर वीस, पाण्यात बसलेली लांबी सहा मीटर वीस. तळातून खाली सोडायचं सरकतं पातं वर ओढून घेतलं की पासष्ट सेंटीमीटर पाणी तिला पुरे. हे पातं खाली सोडल्याशिवाय अशी होडी वाऱ्याच्या तोंडावर चढत नाही, आडवी घसरत जाते. आणि एवढ्या लांबीच्या होडीची हद्द ताशी सहा सागरी मैल. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. हा माझा नियम नाही, पाण्याचा आहे.

पहिलं वर्ष ती आराखड्याप्रमाणे चालली. दुसऱ्या वर्षी डॉक्टर सांगत आले की पलीकडच्या कोलोनियापर्यंतचे सत्तावीस मैल त्यांनी साडेतीन तासांत कापले. मी हसले. डॉक्टरांनी जाताना घड्याळ पाहिलं नसेल, असं मनाशी म्हटलं. पण पुढे होड्यांच्या क्लबातली इतर माणसंही तेच सांगू लागली. रुफिनोकडे चौदा जणांनी तशीच होडी मागितली. आराखड्यांवर माझी सही झाली की लाकूड आणायचं, असं त्याने सगळ्यांना सांगून ठेवलं. बाजारात जुने ओळखीचे लोक पुन्हा थांबून बोलू लागले. खोटं कशाला सांगू, मला ते आवडत होतं.

सही करण्याआधी मी होडी नीट तपासायला गेले. धक्क्यावरूनच दिसलं की ती पाणरेषेच्या तीन बोटं खाली बसली आहे. म्हणजे जवळजवळ पाचशे किलो जास्त वजन. आम्ही गाद्या, भांडी, नांगर, साखळी, सगळं उतरवलं. ती केसभरही वर आली नाही. तळाशी साचलेलं पाणी मी डबड्याने काढलं. फार नव्हतं. पण ते कोमट होतं आणि त्याची तार निघत होती. थंड झालेल्या रश्शावर येते तशी साय त्यावर होती. केबिनमध्ये फुलदाणीतल्या आठ दिवसांच्या पाण्याचा वास भरला होता. डॉक्टर त्याच वासात बसून पाव-चीज खात होते. ते बरेच सुटले होते, आणि त्यांचे ओठ तूप लावल्यासारखे चकाकत होते. त्यांनी माते, म्हणजे आमच्याकडे सगळ्यांनी एकाच नळीने प्यायचा पाल्याचा कडू चहा, भांडं भरून माझ्यापुढे केला. त्या नळीला तोंड लावणं मला जमेना. पोट बिघडलंय असं सांगितलं. आमच्याकडे कुणाचं माते नाकारणं म्हणजे जवळजवळ थोबाडीत मारणं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, स्वतःच पीत राहिले.

दुसऱ्या दिवशी क्रेनने होडी उचलायला लावली. पट्टे ताणले गेले तरी ती पाण्यातून सुटेना. मग आतून काहीतरी चोखल्यासारखा लांब आवाज झाला आणि ती एकदम वर आली.

डॉक्टर शेजारी उभे होते. म्हणाले, "अगदी दाढ निघते तसा आवाज."

क्रेनच्या काट्यावर आकडा आला चौदाशे ऐंशी किलो. मी आराखड्यावर लिहिलेला तोच, एक किलो इकडेतिकडे नाही. शेजारच्या होड्यांच्या तळांवर सोनेरी शिंपल्यांची जाड, कुजकी पुटं होती. आमच्या नदीत ती घाण एका हंगामात चढते. गार्सिताच्या तळाला तीन वर्षांत शिंपले रोखणारा रंग लागला नव्हता, तरी त्यावर एक शिंपला नव्हता. लाकूड चरबट होतं. बोट फिरवलं तर पिसं उपटलेल्या कोंबडीच्या कातडीसारखं बारीक पुळ्यापुळ्यांचं लागलं. मी रॉकेलने हात धुतले, दोनदा. आणि ती परत पाण्यात सोडताच पुन्हा तीन बोटं खाली गेली, हळूहळू, मऊ खुर्चीत कुणी बसावं तशी.

आकडे जुळत नाहीत म्हणून मी थांबणारी नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, मला घेऊन चला.

आम्ही मार्चमधल्या एका सकाळी निघालो. उत्तरेचा वारा दोन दिवस टिकून होता. पातं वर होतं. डॉक्टरांनी ते सोडलंच नाही, आणि तरी होडी वाऱ्यावर चढत होती, रुळावर ठेवल्यासारखी, जराही न घसरता. वेग मी स्वतः मोजला. सात, मग साडेसात. मागे लाट उठत नव्हती, फक्त एक चकचकीत तवंग लांबत जात होता. असं चालायला तिच्या खाली खोल कणा हवा. मी तो काढलेला नव्हता.

किनाऱ्यापासून चार मैलांवर, उथळावर, ती रुतली. मी मापाची काठी टाकली. दीड मीटर पाणी होतं. पासष्ट सेंटीमीटर लागणारी होडी दीड मीटरमध्ये रुतली होती.

उत्तरेचा वारा टिकला की आमची नदी मागे सरते. भर दुपारी, उन्हात, पाणी आमच्या भोवतालून निघून गेलं आणि मैलभर चिखल उघडा पडला. होडी आता कुशीवर पडायला हवी होती. ती सरळ उभी होती.

मी शिडीवरून लोंबकळून चिखलात उडी मारली, मागे वळले, आणि मला होडीच्या खालून आरपार आमच्या बाजूचा किनारा दिसला.

तिचा तळ चिखलापासून हातभर उंच होता. मधे काही नव्हतं. फक्त खालच्या चिखलात एक लांबट खड्डा दाबला गेला होता, काठांवर पिवळसर चरबी साचलेली. खड्ड्याचे काठ किंचित पसरत होते आणि आत येत होते.

डॉक्टर खाली उतरले. वाकून त्यांनी त्या मोकळ्या जागेत हात घातला. हात मधेच थांबला. मग गुरांच्या पाठीवर थोपटावं तसे ते थोपटू लागले. थोड्या वेळाने त्यांनी गाल टेकवला. हवेवर दाबून त्यांचा गाल चपटा झालेला मला दिसला.

"हात लावा, देलियाबाई," ते म्हणाले. "घाबरू नका. तुम्हीच काढलीत हिला."

"हे मी काढलेलं नाही, डॉक्टर."

"वरचं तुम्ही काढलंत. तिला ते आवडलं."

मी हात लावला नाही. मापाची काठी पुढे केली. ती वीतभर आत गेली, उकडलेल्या चरबीत जावी तशी. मग आतून कुणीतरी ती हळूच बाहेर ढकलली.

"टोचू नका," डॉक्टर म्हणाले.

मी गुडघे टेकून चिखलातच ओकले.

चार वाजता वारा फिरला आणि पाणी परतलं. चार मैल पोहणं माझ्याच्याने झालं नसतं. शिडीचं खालचं टोक माझ्या छातीएवढं उंच होतं. डॉक्टरांनी वरून हात दिला. चढताना माझा पाय कशावर तरी टेकला. ते गरम होतं. पायाच्या भाराने ते थोडं दबलं, आणि मला वर जाता यावं म्हणून थोडं उचललं गेलं.

घरी आल्यावर मी तो बूट जाळला. पायाला किती दिवस साबण लावला ते सांगत नाही.

रुफिनोला मी सांगितलं की सही होणार नाही, माझ्या तोलाच्या हिशेबात चूक निघाली आहे.

"चौदा माणसं आहेत, बाई. तुमच्या नावाचं काय होईल?"

"जे व्हायचं ते होऊ दे."

"होडी उत्तम चालते. साऱ्या क्लबाने पाहिलीय."

मी मूळ आराखडा त्याच्यासमोर चुलीत घातला. त्याला खरं सांगितलं असतं तर म्हातारीचं डोकं फिरलं म्हणाला असता. आता चुकली म्हणाला. ते बरं. त्यानंतर माझ्याकडे नवं काम आलं नाही. बाजारात लोक मान हलवून पुढे जात.

एप्रिलमध्ये डॉक्टर गार्सिता घेऊन गेले ते परतले नाहीत. तटरक्षकांनी आठवडाभर शोधलं. त्यांची मुलगी रोसारियोहून आली, घर बंद करून गेली.

जूनमध्ये वाळू वाहणाऱ्या बार्जवरचा खलाशी बाल्बुएना कालव्यात आला तेव्हा मुद्दाम माझ्या खोलीवर चढून आला. शांत, कमी बोलणारा माणूस. खूप वर, ला प्लाताला येऊन मिळणाऱ्या पाराना नदीच्या पात्रात, सकाळच्या वेळी त्याने गार्सिता पाहिली होती. शिडं गुंडाळलेली, इंजिनचा आवाज नाही, आणि ती प्रवाहाविरुद्ध चालली होती. डॉक्टर कडेला बसले होते, एक हात पाण्यात सोडून. बाल्बुएनाने भोंगा वाजवला, त्यांनी वर पाहिलं नाही.

मी त्याचे आभार मानले. तो जाईना. टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"तिच्या मागची लहान होडीही तुम्हीच काढलीत का, बाई?" त्याने विचारलं. "दोनेक मीटरची असेल. हुबेहूब तशीच. मागोमाग येत होती, पण दोरी काही मला दिसली नाही."