मुका झालेला रंगमंच

“पुन्हा म्हण! मोठ्यानं!” शेवटच्या रांगेतून ईशान ओरडला.

“अरे, आणखी किती मोठ्यानं? घसा बसला माझा!” उत्कर्षा रंगमंचावरून किंचाळली.

“नुसते ओठ हलून राह्यले तुझे!”

उत्कर्षा पायाखालच्या फळ्यांकडं बघू लागली. इचोड्याच्या शारदा नाट्यगृहात आजवर कधी माईक लागला नव्हता! बांधणाऱ्यांनी लाकडी रंगमंचाखाली मोठी पोकळी ठेवली होती आणि तिथं रांजण पुरले होते, तोंडं वर करून. नटाचा आवाज त्यांत घुमायचा आणि थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचायचा. ही करामत बघायला नागपूरहून माणसं यायची! मग संक्रांतीच्या सुट्टीतच आवाज गेला कुठं? संध्याकाळी नाट्यगृहाच्या समितीसमोर नाटक होतं. मागं ऐकू आलं नाही, तर नाट्यगृह पाडून दुकानं काढायची, हे ठरल्यातच जमा होतं.

तिनं पाय आपटला. ‘धप्प!’ दिवाळीत हीच फळी चांगली घुमली होती.

“खाली काहीतरी आहे,” ती पुटपुटली.

दोघं रंगमंचाखालच्या बुटक्या दारापाशी गेली. कुलूप कोरं करकरीत! तेवढ्यात समितीचे चिटणीस माणिकराव धापा टाकत आले.

“काऊन आले रे इकडं? साप हाय आत!”

“मग सर्पमित्राला बोलावू!” ईशान म्हणाला.

“न-नको! झोपला हाय तो!”

बंद दाराआडचा साप झोपलाय, हे यांना कसं कळलं? उत्कर्षाला दाट संशय आला. दाराच्या फटीत पांढरे तंतू अडकले होते, आणि कापसाचे व्यापारी असलेल्या माणिकरावांच्या कोटावरही तसलेच! कापूस! पण चिटणिसांसमोर पोरांचं कोण ऐकणार? तिनं ईशानच्या कानात काहीतरी सांगितलं.

संध्याकाळी समिती जमली आणि ईशान बोंबलत आत शिरला, “नळ फुटला! रंगमंचाखाली पाणी चाललं!”

अध्यक्ष कुमुदिनीबाई उठायच्या आत माणिकराव धोतर सावरत सुटले. “अरे बापा! माहा कापूस भिजला!” त्यांनीच किल्ली काढली, त्यांनीच दार उघडलं. आत गाठोडीच गाठोडी, रांजणांच्या तोंडापर्यंत कोंबलेली! पाण्याचा मात्र थेंब नाही.

“दुकानं काढा म्हणून सगळ्यांत जास्त तुमीच ओरडत होते ना?” कुमुदिनीबाई कडाडल्या.

“भाव वाढेपर्यंत ठेवला होता जी. कापूस आवाज खाते, हे मले काय ठाऊक!”

“आणि ढेकरसुद्धा दिला नाही!” ईशान म्हणाला.

कोट काढून सगळी समिती गाठोडी ओढू लागली. सगळ्यांत पुढं माणिकराव!

पोकळी रिकामी झाली. कुमुदिनीबाई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. उत्कर्षाला नाटकातलं वाक्यच आठवेना. रडवेल्या, हळू आवाजात तिनं विचारलं, “बाई, आपलं नाट्यगृह राहील ना?”

“राहील, पोरी!” मागच्या भिंतीपासून उत्तर आलं. “तुमी दोघांनी वाचवलं त्याला. आता कर सुरू!”