बंद गाडीतली हवा

त्या शनिवारी आम्ही खरं तर फक्त गादी आणायला निघालो होतो. जे. पी. नगरच्या दुकानातून, अण्णाच्या गाडीत मागे बसेल अशी कापून घेतलेली फोमची गादी. अण्णा म्हणजे माझा मोठा भाऊ सुमंत. डिसेंबरात जैसलमेरकडे जायचं आणि वाळवंटात तंबू न ठोकता गाडीतच झोपायचं, हे त्याचं वर्षभराचं खूळ. आईची अट एकच : एकट्यानं जायचं नाही. म्हणून मी.

"पण आधी परीक्षा," गादी आत कोंबता कोंबता तो म्हणाला. "आजची रात्र गाडीत काढायची. सकाळच्या आत दार उघडलंस, तर मी एकटाच जाणार. आईला काय सांगायचं ते तू बघ."

"आणि मध्येच जावंसं वाटलं तर?"

"स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी! घे थोडं सांभाळून, घाबरट!"

देवनहळ्ळीच्या पुढे, विमानतळापलीकडे, बाबांनी घेतलेला प्लॉट आहे. रस्ते आखलेत, दिव्यांचे खांब उभे आहेत, घर मात्र एकही नाही. पोचलो तेव्हा अंधार पडत होता. मागच्या सीट काढून अण्णानं प्लायवूडचा पलंग बसवला होता. त्याच्याखाली वीतभर पोकळी, तिच्यात पाण्याचे कॅन. छत इतकं खाली, की कूस बदलताना खांदा घासायचा. काचांना चंदेरी पडदे. मागचं दार आतून उघडत नाही. बाहेर पडायचं, तर अण्णाच्या अंगावरून पुढच्या सीटवर जायला हवं.

"खिडकी बोटभर उघडी आहे. आणि हा बघ." त्यानं डोक्याशी एक छोटा मीटर अडकवला. "आपल्या श्वासानं हवा किती जड झाली ते हा सांगतो. मी एकटा झोपलो तेव्हा आकडा अकराशेला थांबला. माझा मित्र प्रणीत सोबत होता तेव्हा अठराशेला. म्हणजे माणूस वाढला की सातशे वाढतात. आता घाबरायला काही उरलंय का, सांग."

"माझ्याआधी झोपू नकोस, एवढंच."

दोन मिनिटांत तो घोरायला लागला.

विमानं डोक्यावरून जात होती. मग तीही थांबली. नव्या लाकडाचा, रबराचा वास नाकात बसला. मीटरच्या हिरव्या उजेडात अण्णाचा कान तेवढा दिसत होता. आकडा अठराशेवर आला, तेव्हा मला हायसं वाटलं.

मग तो एकोणीसशे झाला. दोन हजार. बावीसशे. पंचवीसशेवर थांबला, आणि तिथेच राहिला.

मी मनातल्या मनात हिशेब केला. परत केला. तीन.

तेवढ्यात तळपायांना ऊब लागली. गेली... पुन्हा लागली.

मी श्वास रोखला. कानाशी अण्णाचं घोरणं. ते क्षणभर थांबलं की पायांकडून दुसरं... सावकाश, ओलसर... कुणीतरी तोंडानं श्वास घेत असावं तसं.

"अण्णा..."

"हं."

"आत कुणीतरी आहे..."

"झोप गं."

दार उघडलं तर तो एकटा जाणार होता. याच गाडीतून. म्हणून मी पडून राहिले. पाय पोटाशी ओढून घेतले, गुडघ्यांवर चादर घट्ट धरली. बराच वेळ काही नाही. मग ऊब पुढे सरकली. चादरीतून गुडघ्यांना लागली.

अण्णाच्या छातीवर पाय देऊन मी पुढे कशी गेले, आठवत नाही. दार ढकललं आणि खडीवर पडले. गाडीतला दिवा लागला.

"उघडलंस?" अण्णा उठून बसला. "वाजले बघ किती. पावणेदोन! झालं."

माझी अवस्था पाहून त्यानं सगळे कॅन बाहेर काढले, टॉर्च लावून पोकळी दाखवली. रिकामी. आकड्याचं सांगितलं, तर हसला. "तू धापा टाकत होतीस, ईरा. दोन माणसांची हवा तू एकटीनं सोडलीस."

खरंही असेल.

आईशी भांडून तो परवा एकटाच निघाला. काल रात्री त्याच्या फोनवरून फोटो आला. खाली लिहिलं होतं, "बघ. एकाचाच आकडा."

मीटरवर हिरवे अकराशे. त्याच्याखाली अण्णा, गाढ झोपलेला, दोन्ही हात छातीवर. फोटो पायांकडून काढलेला.

"टायमर लावला असेल," आई म्हणाली.

असेल. सकाळपासून मी फोन करतेय. रिंग जाते, कुणी उचलत नाही. दर वेळी मी तो फोटो पुन्हा उघडते. झोपलेला एक, फोटो काढणारा एक. आणि श्वास एकाचाच.